गोपिकाबाईंचा जगलेला तुकडा

आमच्या गल्लीत कुणाकडे पाहुणे येणार, कुणाची चूल वेगळी झाली, कुणाला साखर निघाली, हे सगळ्यांत आधी गोपिकाबाईंना कळतं. त्यांची चक्की आहे. नेहमीच्या डब्यासोबत एक जास्तीची पिशवी आली की पाहुणे. एकाच घरातून दोन डबे यायला लागले की सुनेनं वेगळा संसार मांडला. गव्हात जव आणि मेथीदाणा मिसळून आला की कुणाचा तरी रिपोर्ट हाती पडला. त्या कुणाला काही विचारत नाहीत. झाकणावर थाप मारून "ठेवा तिथं" म्हणतात आणि समजायचं ते समजून घेतात.

लकडगंजच्या मागच्या अंगाला आमची गल्ली. एकीकडून आरामशीनचा आवाज, दुसरीकडून चक्कीचा. सागवानाचा भुसा आणि गव्हाचं पीठ दोन्ही वाऱ्यावर असतं, त्यामुळे गच्चीवर वाळत घातलेली काळी पँट संध्याकाळपर्यंत राखाडी होते. गोपिकाबाई मूळच्या काटोलकडच्या, संत्र्याच्या बागेतल्या. लग्न होऊन इथे आल्या तेव्हा सासरे, नत्थूजी, चक्की चालवायचे. कुणाला दळण कसं हवं हे नत्थूजींच्या डोक्यात असायचं. ते गेले, चक्की गोपिकाबाईंच्या यजमानांकडे, म्हणजे रुपरावभाऊंकडे आली आणि गल्लीत भांडणं सुरू झाली. रुपरावभाऊ चक्कीच्या दगडाला टाकी लावण्यात हुशार, पण कोणता डबा कुणाचा यात अगदीच कच्चे. भाकरीची ज्वारी जाड यायची आणि भरड्याची डाळ मैद्यासारखी.

शेवटी गोपिकाबाई स्वयंपाकघरातून चक्कीत आल्या आणि तिथल्याच झाल्या. त्यांनी भिंतीला एक तार बांधली, तारेवर कपड्यांचे चिमटे लावले. डबा आला की कागदाच्या तुकड्यावर 'गहू, बारीक' किंवा 'डाळ, भरडा' असं लिहायचं आणि ती चिठ्ठी चिमट्यानं डब्याच्या कडीला अडकवायची. दळण झालं की चिठ्ठी फाडायची, चिमटा परत तारेवर. "चिठ्ठी फाटली म्हणजे काम संपलं," हा त्यांचा कायदा.

हा कायदा एकदाच मोडला, आणि तो नेमका माझ्या डब्यावर. दिवाळीच्या लाडवांसाठी मी चण्याची डाळ दिली होती, जाडसर दळायला. दळण झालं, पण चिमट्याची स्प्रिंग इतकी गच्च की चिठ्ठी निघेना. गोपिकाबाई पकड आणायला घरात गेल्या. तेवढ्यात रुपरावभाऊंनी पाहिलं, डब्यावर चिठ्ठी आहे, म्हणजे दळायचं आहे. त्यांनी डबा परत चक्कीत ओतला. त्या वर्षीचे आमचे लाडू टाळूला चिकटायचे. आमची मुग्धा तेव्हा शाळेत होती. तिचे बाबा म्हणाले, "लाडू नाही, भिंतीला लावायची पुट्टी आहे." दुसऱ्या दिवशी गोपिकाबाई स्वतःच्या घरचं बेसन घेऊन आमच्याकडे आल्या, पदर खोचून चुलीपाशी बसल्या आणि लाडू वळून झाल्यावरच उठल्या. तो चिमटा त्यांनी नालीत फेकून दिला. रुपरावभाऊंना मात्र काही बोलल्या नाहीत. "त्यायचा काय दोष वहिनी," म्हणाल्या, "चिठ्ठी दिसली, दळलं."

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात मला दिसलं की गोपिकाबाईंच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकतात. एरवी एका हातानं उचलायचा डबा त्या दोन्ही हातांनी उचलू लागल्या होत्या आणि उचलला की क्षणभर भिंतीला टेकत होत्या.

"बांगड्या मोठ्या झाल्या का हात बारीक झाला?" मी विचारलं.

"उन्हाळा आहे वहिनी. चक्कीत बसून पाहा एक दिवस. तुमाले बी बारीक व्हाले जिममध्ये जा लागणार नाही."

मी हसले, पण डबा ठेवून निघाले नाही. बाकीच्या बायका पांगेपर्यंत उभी राहिले. मग त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं, परसाकडे गेलं की रक्त जातं. बऱ्याच महिन्यांपासून. "गरमी आहे. सब्जा पिऊन राहिली ना मी."

"भाऊंना सांगितलं?"

"त्यायले काहून सांगू? ते घाबरले का चक्की बंद."

दवाखान्यात न्यायला माझे दोन आठवडे गेले, आणि त्यातही त्या "वहिनीच्या गुडघ्याचं दाखवाले चाललो" असं रुपरावभाऊंना सांगून आल्या. दुर्बिणीनं तपासलं. मोठ्या आतड्यात, उजव्या बाजूला गाठ निघाली, आणि ती साधी नव्हती.

तपासण्या होता होता श्रावण लागला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दवाखान्यातली एक बाई कागद घेऊन आली. तिनं सावकाश मराठीत वाचून दाखवलं. काढलेल्या गाठीचा छोटा तुकडा संशोधनासाठी देता का? त्यातल्या पेशी आम्ही प्रयोगशाळेत वाढवून त्यांचा अभ्यास करू. नाही म्हटलं तरी उपचारात फरक पडणार नाही, आणि आज हो म्हणून पुढे कधीही नाही म्हणता येईल. पोटात कळ आली असताना माणूस जेवढं ऐकतो तेवढं गोपिकाबाईंनी ऐकलं.

"म्हणजे आपली मुग्धा करते तेच काय?" त्यांनी मला विचारलं.

"तिचीच लॅब असेल बहुतेक."

"मंग घ्या ना बाई. फेकाचंच आहे, त पोरीच्या अभ्यासाले लागन." आणि सही केली.

मुग्धा, माझी मुलगी, शहरातल्याच एका प्रयोगशाळेत पीएच.डी. करते. तिचा विषय आहे आतड्याच्या कर्करोगात आरएनएला धरून बसणाऱ्या प्रथिनांचं काम. नातेवाईक विचारतात तेव्हा मी 'कॅन्सरचं संशोधन' एवढं सांगून पुढचा चहा आणायला उठते. कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकले होते, पण ते बेडकापर्यंत.

ऑपरेशन नीट झालं. गाठ आख्खी निघाली. पण आतड्याजवळच्या लसिकाग्रंथींमध्ये रोगाच्या काही पेशी सापडल्या. डॉक्टर म्हणाले, जखम भरली की केमो सुरू करू, त्याला उशीर करायचा नाही. गोपिकाबाईंनी मान हलवली. घरी आल्या त्या निम्म्या होऊन आल्या होत्या. वरणाचं पाणी आणि मऊ भात, तोही दोन घास.

तेवढ्यात पोळा आला, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत. नागपूरबाहेरच्यांना सांगायला हवं. कागदाच्या, बांबूच्या मोठाल्या बाया करतात, एक काळी, एक पिवळी. ढोलताशात शहरभर मिरवतात आणि शेवटी नेऊन जाळतात. वर्षभराचं जे काही वाईट, ते तिच्या पदरात टाकायचं. खोकला, माशा, रोगराई, घेऊन जा गे मारबत!

गोपिकाबाई हटून बसल्या की मले नेल्याशिवाय मी जेवणार नाही. रुपरावभाऊंनी कोपऱ्यावर प्लास्टिकची खुर्ची नेऊन ठेवली. मी शेजारी उभी होते. पिवळी मारबत समोर आली तशा बाई खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठल्या. टाक्यांवर तळवा दाबून धरला आणि ओरडल्या, "पोटातलं सारं घेऊन जा गे मारबत!"

आवाज फाटला. आजूबाजूच्या पोरांनी मागे वळून पाहिलं. घरी आल्यावर त्यांनी अर्धी भाकर खाल्ली, वर लोणचं मागितलं. रुपरावभाऊ मला दारापर्यंत सोडायला आले आणि डोळे पुसत म्हणाले, "गेलं वहिनी. आता गेलं."

त्याच आठवड्यात मुग्धा लॅबमधून आली ती आमच्या घरी न येता सरळ त्यांच्याकडे गेली. मी तिथंच बसले होते. गोपिकाबाई सूप मांडीवर घेऊन गहू निवडत होत्या, हाताला काहीतरी काम म्हणून.

मुग्धानं चपलाही काढल्या नाहीत. उंबऱ्यातूनच म्हणाली, "मावशी! जगल्या! तुमच्या पेशी जगल्या!"

एखाद्या घरी नात झाल्याची बातमी आणावी तशी. नमुन्यावर नाव नसतं, नंबर असतो. पण ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्यातून एकच नमुना आला होता, त्यामुळे तिला कळलं होतं. आधीचे कितीतरी नमुने तिच्या हातात मेले होते. हा पहिला, जो धरला होता.

"कोणच्या पेशी?" गोपिकाबाईंनी विचारलं.

"त्या गाठीतल्या. इतक्या छान वाढताहेत ना!"

"जित्या आहे?"

"हो!"

"कुठं?"

"लॅबमध्ये. एक पेटी असते, अगदी आपल्या अंगाइतकी ऊब ठेवतो त्यात."

"अन् खाते काय?"

मी मुग्धाला खूण करत होते, पण ती पाहतच नव्हती. "आम्ही देतो ना. गुलाबी पाणी असतं, त्यात सगळं पोषण. दर दोन-तीन दिवसांनी बदलतो."

गोपिकाबाईंनी सूप खाली ठेवलं. "मारबत गेली ना वं पोरी," त्या म्हणाल्या. "मी सारं देऊन टाकलं तिले. भर रस्त्यात, ओरडून. अन् तू ते पेटीत ठेवून पोसून राहिली?"

मुग्धाचा चेहरा तेव्हा कसा झाला ते मी लिहीत नाही.

दोन दिवसांनी रुपरावभाऊ आमच्या दारात. चक्कीच्या वेळेला ते कधी बाहेर दिसत नाहीत, म्हणून मी पाहिलं तेव्हाच समजले की काहीतरी बिनसलं आहे.

"नाही म्हणते केमो," ते म्हणाले. "म्हणते, आधी ते जाळा, मंग सुई. म्हणते, इकडं माझ्या आंगात जहर टाकून त्याले मारणार अन् तिकडं त्याले शरबत पाजणार, असं काहून? मी वरणाचं पाणी पिऊन राहिली अन् ते गुलाबी शरबत."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"तारीख चुकवू नका म्हणते. या महिन्यात सुरू करा म्हणते. पण ती आयकते काय कोणाचं?" मग इकडेतिकडे पाहून हळूच, "वहिनी, सांगून द्या ना, फेकून देलं म्हणून. तिले काय समजते. एवढीशी गोठ आहे, जीव वाचते."

खरं सांगायचं तर मलाही ते पटलं. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता मुग्धाला म्हटलं, सांगून टाक. खोटं बोललीस तरी चांगल्यासाठीच.

मुग्धा ओट्याला टेकून उभी होती. तिच्या सरांनी तिला आधीच झाडलं होतं, पेशंटला नमुन्याची बातमी द्यायला तुला कोणी सांगितलं म्हणून. "आई," ती म्हणाली, "त्यांना वाचून दाखवलं होतं, कधीही नाही म्हणता येईल. आता त्या नाही म्हणताहेत. मग 'फेकलं' असं खोटं कसं सांगू? फेकायचं तर खरंच फेकीन."

"मग तुझं काम?"

"परत सुरू करीन." आणि पोळीचा तुकडा हातात घेऊन तसाच ठेवला.

मी गोपिकाबाईंना सांगायला गेले की मुग्धा ते जाळायला तयार आहे. वाटलं होतं, सुटकेचा श्वास टाकतील.

"माह्या डोळ्यानं पाहीन," त्या म्हणाल्या.

सरांची परवानगी काढावी लागली. आम्ही रिक्षानं गेलो. रुपरावभाऊ आत आले नाहीत. "मले नाही पाहाचं ते," म्हणून बाहेर कडुनिंबाखाली बसून राहिले. आम्हाला दोघींना पांढरे डगले दिले, पायांत निळ्या पिशव्या. गोपिकाबाई आपल्या पायांकडे पाहून म्हणाल्या, "चक्कीत असंच पाह्यजे. किती पीठ घरात येते."

आत एका कोपऱ्यात पिवळी पिशवी लावलेली कुंडी होती. गोपिकाबाई तिच्यापाशी थांबल्या. "हे काय?"

"जे जाळायचं ते यात टाकतो," मुग्धा म्हणाली. "गाडी येते, शहराबाहेर नेते. तिथं भट्टी आहे."

"सारं जळते?"

"सगळं. राखच उरते."

"असं," म्हणाल्या आणि पिशवीकडे पुन्हा एकदा पाहिलं.

मग मुग्धानं पेटीतून एक छोटी बशी काढली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. गोपिकाबाईंना आधी काहीच दिसेना, स्वतःच्याच पापण्या. मुग्धानं त्यांची हनुवटी धरून डोळा नीट लावून दिला.

"भिजल्या साबुदाण्यावाणी आहे वं," शेवटी म्हणाल्या.

"हो. तसंच दिसतं."

"हेच ते?"

"हेच."

"एवढंसं?" त्या सरळ बसल्या. मग परत वाकल्या. "अन् थांबत काहून नाही हे? कोणी सांगत नाही काय त्याले, बस झालं म्हणून?"

मुग्धानं तोंड उघडलं. "त्याचं असं आहे मावशी, आरएनए म्हणजे..." आणि थांबली. माझ्याकडे पाहिलं. मग ती स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसली.

"मावशी, आमचं बेसन आठवतं? दोनदा दळलेलं?"

"ते काय विसरण्यासारखं आहे? तुह्या बाबानं पुट्टी म्हटलं होतं."

"आपल्या प्रत्येक पेशीत एक चक्की असते असं समजा. काय बनवायचं त्याचा मूळ हुकूम आत कुलपात असतो. तो बाहेर येत नाही. त्याची चिठ्ठी बाहेर येते. ती चिठ्ठी म्हणजे आरएनए. आणि चिठ्ठीला धरणारे चिमटे असतात. मी त्या चिमट्यांचाच अभ्यास करते. कोणता चिमटा चिठ्ठी लवकर सोडतो, कोणता जरा वेळ धरतो, कोणता झाकूनच ठेवतो की अजून वाचू नका. चांगल्या पेशीत 'वाढ' अशी चिठ्ठी निघते, तेवढ्यापुरती वाढ होते, मग चिठ्ठी फाटते. आतड्याचं आतलं अस्तर तर सारखं झिजतं आणि सारखं नवं होतं, त्यामुळे तिथं अशा चिठ्ठ्या खूप."

"अन् इथं?"

"इथं एक चिमटा गच्च धरून बसलाय असं मला वाटतं. चिठ्ठी फाटतच नाही. मग पेशी वाढतात, वाढतात, वाढतात. म्हणजे बिघाड तेवढाच नाही, मूळ हुकुमातही खोडाखोड झालेली असते. पण चिमटाही त्यात आहे."

गोपिकाबाईंनी डोळे बारीक केले. "म्हणजे तुमच्या इथं बी रुपराव आहे."

मुग्धाला कळायला एक क्षण लागला. मग ती इतकी हसली की पलीकडच्या टेबलावरच्या मुलानं मान वर केली.

"चिठ्ठी दिसली का टाक चक्कीत," गोपिकाबाई म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या. "अन् तो चिमटा सापडला तुले?"

"एकावर संशय आहे. नक्की नाही. तो सैल करता येतो का, तेच पाहायचं आहे. त्यासाठी हे जिवंत लागतं, मावशी. मेलेल्यात चिमटा कसा धरतो ते दिसत नाही."

पेटीत आणखी एक बशी होती. गोपिकाबाईंची नजर तिच्यावर गेली होती. "अन् ते?"

मुग्धा जरा घुटमळली, पण तीही बशी दाखवली. त्यात साबुदाणा फुटलेला होता, काळपट, कडा झडलेल्या.

"याले काय झालं?"

"याला औषध दिलं. तुम्हाला जे देणार आहेत त्याच जातीचं."

"मेलं?"

"बरंचसं."

"सारं नाही?"

"सारं नाही."

"अन् माह्या पोटात?"

मला वाटलं, आता तरी ही पोरगी हो म्हणेल. एक शब्द होता फक्त. पण मुग्धा म्हणाली, "ते मी सांगू शकत नाही मावशी. बशीतलं आणि पोटातलं एक नसतं. डॉक्टर म्हणतात घ्या, कारण कुठं काही उरलंसुरलं असेल तर ते मरायची शक्यता वाढते. एवढंच मला खरं माहीत आहे."

गोपिकाबाई त्या दुसऱ्या बशीकडे पाहत राहिल्या. "म्हणजे तू पोसून पोसून मारते."

"हो."

"मले वाटलं नुसतीच पोसून राहिली."

मुग्धा उठली. पहिली बशी एका हातात घेतली आणि दुसऱ्या हातानं पिवळ्या पिशवीचं तोंड उघडलं. "सांगा मावशी. तुम्ही म्हणाल तर आत्ता. हे आणि फ्रीजमध्ये गोठवून ठेवलंय ते पण, सगळं."

गोपिकाबाई बशी धरलेल्या हाताकडे पाहत होत्या. याच हातानं ही मुलगी पाचवी-सहावीत डबा घेऊन त्यांच्याकडे यायची, कडी दोन बोटांत धरून, मध्ये तीनदा खाली ठेवत.

"थांब," त्या म्हणाल्या.

मुग्धा थांबली.

"पुढच्या मारबतीपर्यंत ठेव. तोवर मार त्याले, किती मारायचं ते. चिमटा शोध. मी तिकडं सुई घेते, तू इकडं त्याले दे. पाहू कोण आधी थकते. पण मारबतीले जाळायचं म्हणजे जाळायचं. बोली?"

"बोली," मुग्धा म्हणाली आणि बशी पेटीत ठेवून पेटीचं दार दोनदा तपासलं.

बाहेर रुपरावभाऊ उभे राहिले. "जाळलं?"

"नाही," गोपिकाबाई रिक्षात चढता चढता म्हणाल्या. "तुमच्यावाणीच आहे ते बी. त्याले समजाव लागते."

केमो ठरल्या तारखेला सुरू झाला. हिवाळाभर चालला. औषधानं त्यांच्या बोटांना थंडी सोसेना, स्टीलच्या डब्याला हात लागला की सुया टोचल्यासारखं व्हायचं. मुग्धाच्या बाबांचे लोकरीचे हातमोजे मी त्यांना दिले. ते पिठानं पांढरे झाले. चक्कीत येणारी प्रत्येक बाई विचारायची आणि गोपिकाबाई प्रत्येकीला वेगळं उत्तर द्यायच्या. एकीला म्हणाल्या, बॉक्सिंग शिकून राहिली. उलट्यांच्या दिवसांत त्या पडून असायच्या, तेव्हा रुपरावभाऊ एकटे चक्की सांभाळायचे. चिठ्ठी लिहायचे, चिमटा लावायचे आणि दळून झालं की चिठ्ठीचे चार-चार तुकडे करायचे, एकदा फाडलं तरी भागत असताना.

सुईच्या दिवशी सकाळी मुग्धाचा फोन वाजायचाच.

"आज मले आहे. त्याले देली काय?"

"आज देणार आहे मावशी."

"दे. सोडू नको."

एकदा मात्र फोन आला नाही. तोंड आलं होतं, रक्तातल्या पेशी उतरल्या होत्या, ती सुई पुढे ढकलली होती. मुग्धा संध्याकाळी गेली तर गोपिकाबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. "मी थकली वं आधी," एवढंच म्हणाल्या. मुग्धा त्यांचे पाय चेपत बसली. पुढच्या आठवड्यात फोन परत वाजला.

यंदा पोळ्याच्या दिवशी मुग्धा संध्याकाळी त्यांच्याकडे गेली, आणि मीही सोबत होते. गोपिकाबाईंचे विरळ झालेले केस परत दाट होत होते. बांगड्या मनगटावर होत्या. गेल्या महिन्यातली दुर्बीण साफ निघाली होती. पुढच्या तपासणीची तारीख कॅलेंडरवर गोल करून ठेवली होती. त्या तारेवरचे चिमटे पुसत होत्या.

"मावशी, उद्या," मुग्धा म्हणाली.

"हो, उद्या. काम झालं तुझं?"

"नाही."

"चिमटा?"

"तोच आहे असं वाटतं. थोडा सैल होतोय. पण परत परत करून पाहायला हवं, तेव्हा लोक मानतील."

"अन् मागून नाही राहिली तू? ठेवू का म्हणून?"

"बोली होती ना."

गोपिकाबाईंनी हातातला चिमटा दाबून पाहिला, सोडला, परत दाबला. गच्च होता तो, असं मला वाटलं. त्यांनी तो बाजूला काढून ठेवला.

"एक बशी जाळ," त्या म्हणाल्या. "माह्या नावाची. मारबतीले देल्याशिवाय मले करमणार नाही. बाकीचं ठेव. चिठ्ठी फाटली नाही अजून तुही." आणि मुग्धाचा चेहरा पाहून लगेच, "पण ते शरबत जरा कमी पाज त्याले. लई लाड झाले."

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावर खुर्ची नव्हती. गोपिकाबाई उभ्या होत्या, गर्दीत, पुढच्या रांगेत. ढोल जवळ आले तेव्हा त्यांचा लॅबमधल्या मुग्धाला फोन लागला. त्यांनी दुसऱ्या कानावर तळवा धरला, ऐकलं आणि फोन पदरात ठेवला.

"टाकली म्हणते. पिवळ्या पिशवीत."

पिवळी मारबत समोर आली. या वेळी त्यांनी पोटावर हात ठेवला नाही. दोन्ही हात वर केले आणि सगळ्या पोरांच्या वर आवाज काढला, "घेऊन जा गे मारबत!" मागून रुपरावभाऊंचाही आवाज आला, जरा उशिरानं.

मिरवणूक पुढे सरकली. त्या वळून तिच्याकडे पाहत थांबल्या नाहीत.

"चला वहिनी," म्हणाल्या, "चक्की उघडाची आहे. तुमच्या डाळीची चिठ्ठी कालपासून लटकून राहिली."